लागली, लावली, कीं लागूं दिली?

आग विझून राख थंड झाली म्हणजे आपल्या समाजांत दोन प्रकारचीं वाक्यें ऐकूं येऊं लागतात. एक वाक्य “आग लागली” असें असतें व दुसरें “आग लावली” असें असतें. पहिल्या वाक्यांत माणूस कर्ता नाहीं; आग दुष्काळासारखी किंवा पटकीसारखी आपण होऊन येते, आणि ज्यांचें गेलें त्यांनीं कपाळाला हात लावून स्वस्थ बसावें, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या वाक्यांत कर्ता आहे, पण तो दुष्ट हेतूचा. तो सांपडला तर त्याला शिक्षा द्यावी, न सांपडला तर पुन्हां पहिल्या वाक्याकडे वळावें. आमच्या मतें, ज्या आगींनीं शेंकडों माणसांचा घास घेतला त्यांपैकीं बहुतेकींची खरी हकीकत या दोनहि वाक्यांत बसत नाहीं. तिला तिसरें क्रियापद लागतें. तें म्हणजे “लागूं दिली.” या क्रियापदाचा कर्ता दुष्ट असतोच असें नाहीं. पुष्कळदां तो सभ्य, कामसू व स्वतःच्या कचेरींत नांवाजलेला असतो. पण तो असतो. आणि त्याला हुडकून काढणें हेंच चौकशीचें खरें काम होय.

या क्रियापदाची परीक्षा पाहण्यासाठीं १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत झालेला स्फोट आम्हीं निवडला आहे. अहमदनगर जिल्ह्यांतील वाचकांस (जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे) ही मुंबईची गोष्ट परकी वाटण्याचें कारण नाहीं. घाटावरील कोरडवाहू जमिनीवर ज्यांचें पोट भरेना असे लोक पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोद्यांत आणि गिरण्यांत मजुरीसाठीं जात असत, आणि त्यांत नगरकडील माणूसहि होता. दुसरा संबंध याहून ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्या वेळीं नगरच्या भुईकोट किल्ल्यांत काँग्रेस कार्यकारिणीचे पुढारी ऑगस्ट १९४२ पासून बंदिवासांत होते. मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव हे त्यांतले. नेहरूंनीं याच किल्ल्यांत लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथाचा आरंभ १३ एप्रिल १९४४ या तारखेनें होतो. म्हणजे स्फोटाच्या आदल्याच दिवशीं. हा योगायोग आम्ही चमत्कार म्हणून सांगत नाहीं. मुंबई इलाख्याच्या खेर मंत्रिमंडळानें १९३९ च्या नोव्हेंबरांत राजीनामा दिल्यापासून इलाख्याचा कारभार एकट्या गव्हर्नरच्या हातीं होता, आणि ज्यांनीं सरकारास प्रश्न विचारावयाचे ते नगरांत व इतर ठिकाणीं कुलुपांत होते. जबाबदारी या शब्दांत ‘जबाब’ आहे. जबाब मागणाराच कोंडलेला असेल तर जबाबदारी कोठून उत्पन्न होणार? पुढील हकीकत वाचतांना हें विसरतां कामा नये.

‘फोर्ट स्टिकीन’ हें सुमारें सात हजार टनांचें जहाज १९४२ सालीं कॅनडांत बांधलेलें. २४ फेब्रुवारी १९४४ रोजीं तें इंग्लंडांतील बर्कनहेड बंदरांतून निघालें आणि कराचीवरून १२ एप्रिल रोजीं मुंबईस पोहोंचलें. त्याच्या पोटांत सुमारें १४०० टन स्फोटक माल होता: पाणतीर, पाणसुरुंग, तोफगोळे व दारू. त्याखेरीज पेट्यांत भरलेलीं लढाऊ विमानें होतीं, आणि एकतीस पेट्या सोन्याच्या विटा होत्या. कराचीस कांहीं माल उतरला व जागा मोकळी झाली. त्या जागेंत ८७०० कापसाच्या गांठी, लांकूड, वंगणाच्या तेलाचीं पिंपें, भंगार लोखंड, माशांचें खत असा माल चढविण्यांत आला. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांना हा शेजार मुळींच पसंत नव्हता. परंतु युद्धाचे दिवस, जहाजांची टंचाई, रिकामी जागा घेऊन जहाज हांकणें हा त्या दिवसांत गुन्हाच समजला जात असे. तेव्हां कापूस आणि दारू एका पोटांत बसून मुंबईस आलीं.

कापसाचा स्वभाव आमच्या शेवगांव-पाथर्डीकडील शेतकऱ्यास सांगावयास नको. त्याची गंजी पेटली तर भडका उडण्यापूर्वीं ती आंतल्या आंत धुमसते. गांठ जितकी घट्ट आवळलेली तितकी आंतली आग अधिक चिवट. वरून पाण्याचा कितीहि मारा केला तरी पाणी गाभ्यापर्यंत पोहोंचत नाहीं, आणि विझली म्हणून पाठ फिरवावी तों ती दुसरीकडून तोंड काढते. असल्या मालाशेजारीं स्फोटकें ठेवूं नयेत हें समजण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाहीं. चुलीपाशीं कडब्याची पेंढी ठेवूं नये इतकें शहाणपण घरोघरच्या बायकांना असतें. कराचीस जे अधिकारी होते त्यांना तें नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. तें त्यांना होतें, परंतु तें वापरण्याची त्यांना सवड नव्हती, आणि तें न वापरल्याबद्दल कोणी विचारील अशी भीतिहि नव्हती.

शांततेच्या काळीं असें जहाज गोदींत आणण्याचा प्रघात नव्हता. त्यानें बाहेर पाण्यांत नांगरून राहावें व पडावांतून माल उतरवून द्यावा, अशी रीत होती. युद्धामुळें ती रीत सैल झाली आणि जहाज थेट धक्क्याला लागलें. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून जें लाल निशाण चढवावयाचें तें त्यावर चढविलें गेलें नव्हतें. स्फोटकें उतरविण्यास लागणारे पडाव लगेच आले नाहींत, म्हणून आधीं इतर माल उतरूं लागला. अशा रीतीनें, ज्या मालाला शहरांत एक घटकाभरहि ठेवावयाचें नाहीं तो दोन दिवस गोदींतच राहिला.

१४ तारखेस दुपारीं जेवणाची सुटी संपवून मजूर कामावर परतले, आणि दोन वाजण्याच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठींतून धूर येत असल्याचें ध्यानांत आलें. बंब आले, आणखी मागविले गेले, आणि एकामागून एक नळ जहाजांत सोडण्यांत आले. नऊशें टनांहून अधिक पाणी आंत ओतलें गेलें तरी धुराच्या लोटांत आगीचें मूळ सांपडेना. उलट आंतलें पाणीच उकळूं लागलें. या अवधींत धक्क्यावर जाणत्या माणसांचा तोटा नव्हता. जहाजाचे कप्तान होते, गोदीचे वरिष्ठ अधिकारी होते, अग्निशामक दलाचे प्रमुख होते, लष्कराच्या दारूगोळा खात्याचे अधिकारीहि होते. जहाज आहे तेथेंच बुडवावें हा एक पक्ष. तें ओढून बाहेर समुद्रांत न्यावें हा दुसरा. पाणी मारीत राहावें हा तिसरा. यांपैकीं प्रत्येक पक्षास कांहीं ना कांहीं आधार होता व प्रत्येकांत कांहीं ना कांहीं अडचण होती. नव्हता तो एकच माणूस, ज्यानें सर्वांचें ऐकून “असें करा” असें म्हणावें व ज्याचें म्हणणें इतर सर्वांवर बंधनकारक व्हावें. जो तो आपल्या खात्याचा धनी होता. आगीचा धनी कोणीच नव्हता. आपल्याकडे “आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी” अशी म्हण आहे. येथें बंब आगीपाशींच होता. सोमेश्वरीं राहिला होता तो अधिकार.

पावणेचारच्या पुढें जहाज सोडून जाण्याचा हुकूम सुटला. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा कित्ता... बारा किलोमीटरांवरील घरांच्या कांचा फुटल्या. ‘जलपद्म’ हें जवळजवळ चार हजार टनांचें जहाज पाण्यांतून उचललें जाऊन धक्क्यावर येऊन पडलें. सुमारें अर्ध्या तासानें दुसरा स्फोट झाला, तो पहिल्याहून मोठा. पेटत्या कापसाचे गोळे, तापून लाल झालेलें लोखंड, आणि त्यांबरोबर सोन्याच्या विटाहि, शहरावर पडल्या. गोदीलगतच्या दाट वस्तींत व धान्याच्या वखारींत आगी पसरल्या. त्या आटोक्यांत यावयास तीन दिवस लागले, आणि ढिगारे उपसून गोदी पुन्हां चालू करण्यासाठीं आठ हजार माणसें सात महिने खपलीं. पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळलें. बंगालच्या दुष्काळाला वर्ष उलटलें नव्हतें अशा वेळीं! गोदीच्या व अग्निशामक दलाच्या सेवेंतील २३१ माणसें मेलीं. त्यांत ६६ बंबवाले होते. या बंबवाल्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस भारतभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. याखेरीज नागरिक पांचशेंहून अधिक मेले. एकूण मृतांचे आंकडे निरनिराळ्या नोंदींत सातशेंपासून तेराशेंपर्यंत सांपडतात. आंकड्यांतली ही तफावतहि कांहीं सांगते: सोन्याच्या विटांची मोजदाद होती, धक्क्यावर रोजंदारीनें आलेल्या माणसाची तितकीशी नव्हती.

आतां जबाब मागण्याची गोष्ट पाहूं. शहरांतील पोराबाळांनीं जो धूर डोळ्यांनीं पाहिला त्याची सविस्तर बातमी छापण्याची परवानगी वृत्तपत्रांस मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत. तोंवर जपानच्या ताब्यांतील सायगांवच्या नभोवाणीनें ती दुसऱ्याच दिवशीं जगास ऐकविली होती. म्हणजे ज्या शत्रूपासून बातमी लपवावयाची त्याला ती ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती ज्यांचीं माणसें मेलीं त्या घाटावरच्या व कोंकणांतल्या खेड्यांना. सरकारनें चौकशीमंडळ नेमलें आणि त्याचें अध्यक्षपद मुंबईच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लिओनार्ड स्टोन यांजकडे दिलें. मंडळानें आपलें काम टाळलें असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. त्यानें जीं कारणें सांगितलीं त्यांचा सारांश असा: स्फोटकांच्या निकट सान्निध्यांत कापूस भरलेलें जहाज गजबजलेल्या गोदींत आलें, कापसाला आग लागली, आणि ती बहुधा कोणाच्या तरी विडी-सिगारेटनें लागली असावी, व वेळ हातांत होता तोंवर प्रसंगाचें गांभीर्य ओळखून जोरदार उपाय झाला नाहीं. पुढें सरकारनें मालमत्तेच्या हानीची भरपाई करण्याची जबाबदारी पत्करली, आणि ज्यांनीं मागणी केली त्यांस पैसे दिले.

वाचकांनीं ही तीन कारणें आमच्या तीन क्रियापदांशीं ताडून पाहावीं. मधलें कारण हें ठिणगीचें. पहिलें व तिसरें हीं ‘लागूं दिल्या’चीं. ठिणगी टाकणारा बहुधा कोणी मजूर. त्याचें नांव नाहीं, गांव नाहीं. तो जगला कीं जळला हेंहि सांगतां येत नाहीं. किंबहुना तो होता हासुद्धां तर्कच आहे. तरीहि लोकांच्या स्मृतींत काय राहिलें? “कोणा खलाशानें नाहीं तर हमालानें विडी फेंकली आणि मुंबई जळली.” जबाबदारीच्या उतरंडींत सर्वांत खालचें मडकें जें, तेंच प्रथम फोडावयाचें हा आपला जुना शिरस्ता आहे. त्यांत सोयहि पुष्कळ असते. विडी ओढणाऱ्याला वकील नसतो, त्याच्या खात्याची अब्रू जात नाहीं, आणि तो अनामिक असला तर त्याला शिक्षाहि करावी लागत नाहीं. दोष दिल्याचें समाधान मिळतें व खटला मात्र टळतो.

आम्ही असें विचारतों: हजारों माणसें जेथें रोज काम करतात तेथें वर्षानुवर्षें एकहि विडी पेटणार नाहीं, असा हिशेब धरून कोणी कारभार करूं शकतो काय? माणूस चुकतो, दमतो, चोरून विडी ओढतो. हें गृहीत धरणें हेंच व्यवस्थेचें काम. ठिणगी ही यदृच्छेची गोष्ट आहे. ती आज पडेल, उद्यां पडेल, कदाचित् पडणारहि नाहीं. पण कापसाजवळ दारू ठेवणें ही यदृच्छा नव्हे. त्यासाठीं कोणीतरी यादी केली, कोणीतरी सही केली, कोणीतरी वाहतुकीचा तक्ता मंजूर केला. ठिणगीला सही नसते. कापसाच्या गांठीला असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. युद्ध चालू होतें. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर इंफाळ व कोहिमा येथें त्याच दिवसांत तुंबळ लढाई होती. जहाजें थोडीं, माल अफाट. अशा वेळीं शांततेचे नियम कसे पाळावे? शिवाय १४ एप्रिलला काय होईल हें १३ तारखेस कोणाला ठाऊक होतें? घडून गेल्यावर शहाणपण शिकविणें सोपें असतें. या आक्षेपाचा पहिला भाग आम्हांस मान्य आहे. युद्धांत जोखीम घ्यावीच लागते. परंतु जोखीम घेणें आणि जोखीम विसरणें या दोन गोष्टी आहेत. नियम सैल केला तर त्याच्या जागीं दुसरी तजवीज करावी लागते: निशाण चढवावें, पडाव आधीं सज्ज ठेवावे, पहारा वाढवावा, आणि आग लागलीच तर कोणाचा हुकूम चालेल हें अगोदर ठरवावें. यांतल्या एकाहि गोष्टीला जादा जहाज लागत नव्हतें.

आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे कोणाला ठाऊक होतें, त्याला इतिहासच उत्तर देतो. ६ डिसेंबर १९१७ रोजीं, पहिल्या महायुद्धांत, कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत ‘माँ-ब्लाँ’ हें दारूगोळ्याचें फ्रेंच जहाज दुसऱ्या एका जहाजाशीं टक्कर होऊन पेटलें. त्यावरहि धोक्याचें निशाण नव्हतें. तेथेंहि दारूगोळ्याच्या जहाजांस आंत येऊं न देण्याचा नियम युद्धामुळें सैल केला होता. लोक किनाऱ्यावर जमून आगीची शोभा पाहत राहिले, आणि सुमारें वीस मिनिटांनीं झालेल्या स्फोटांत सतराशेंहून अधिक माणसें मेलीं. तेथील पहिल्या चौकशीनें सारा दोष ‘माँ-ब्लाँ’चा कप्तान, त्याचा वाटाड्या व नौदलाचा एक अधिकारी यांच्या माथीं मारला, पुढें वरच्या न्यायालयांनीं दोन्ही जहाजें सारखींच दोषी ठरविलीं. मुंबईच्या स्फोटापूर्वीं सव्वीस वर्षें हा धडा त्याच साम्राज्याच्या एका बंदरांत रक्तानें लिहिला गेला होता. तेव्हां ठाऊक नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. ठाऊक असलेली गोष्ट कामाच्या वेळीं ठाऊक राहील अशी व्यवस्था नव्हती, एवढेंच फार तर म्हणतां येईल. आणि ती व्यवस्था करणें हेंच तर वरिष्ठांचें वेतन घेण्याचें कारण.

मग चौकशी कशी असावी? याचें चांगलें उदाहरण गोदींत नाहीं, एका कारखान्यांत सांपडतें. २५ मार्च १९११ रोजीं न्यूयॉर्कमधील ट्रायँगल शर्टवेस्ट या बायकांचे कपडे शिवण्याच्या कारखान्यास आग लागून १४६ कामकरी मेले. त्यांतल्या बहुतेक यहुदी व इटालियन घरांतल्या, नुकत्याच परदेशांतून आलेल्या तरुण मुली होत्या. चिंध्यांच्या पेटींत पडलेली काडी किंवा सिगारेट हेंच तेथेंहि आगीचें संभाव्य कारण सांगितलें गेलें. ठिणगी मुंबईची व न्यूयॉर्कची एकच. परंतु नवव्या मजल्यावरील एक दार कुलूपबंद होतें, आणि कित्येकींनीं खिडकींतून उड्या टाकून जीव दिला. मालकांवर खटला झाला. दार त्या क्षणीं बंद होतें हें मालकांस ठाऊक होतें, हें निःसंशय सिद्ध झालें पाहिजे, असा कायद्याचा आग्रह. तें सिद्ध होईना. आणि १९११ च्या डिसेंबरांत ते निर्दोष सुटले. त्यांपैकीं एकाला १९१३ सालीं दुसऱ्या कारखान्याचें दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल वीस डॉलर दंड झाला. न्यायासनानें एवढेंच केलें.

परंतु गोष्ट येथें थांबली नाहीं. त्याच वर्षीं न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळानें कारखान्यांच्या चौकशीसाठीं एक मंडळ नेमलें. रॉबर्ट वॅग्नर त्याचे अध्यक्ष व अल् स्मिथ उपाध्यक्ष होते. दोघेहि निवडून आलेले लोकप्रतिनिधि. या मंडळानें “दार कोणीं लावलें?” एवढ्यावर समाधान मानलें नाहीं. “दार लावण्याची सोय कोणत्या कायद्यानें ठेवली, आणि तें पाहणारा निरीक्षक कोठें होता?” असें त्यानें विचारलें. त्याचे लोक शेंकडों कारखान्यांतून स्वतः हिंडले, कामकऱ्यांच्या साक्षी घेतल्या, आणि थोड्याच वर्षांत तीसाहून अधिक कायदे झाले. न्यायालयाला गुन्हेगार पाहिजे असतो; तो सांपडला नाहीं कीं त्याचें काम संपतें. लोकप्रतिनिधींच्या मंडळाला पुढची आग टाळावयाची असते. म्हणून त्याचें काम गुन्हेगार सुटल्यावरहि चालू राहतें. आणि असें मंडळ तेथें निघूं शकलें याचें कारण, प्रश्न विचारणारे तेथें मोकळे होते. मुंबईच्या चौकशीमंडळाला विद्वत्ता कमी नव्हती. परंतु ज्या सरकारची चौकशी करावयाची त्याच सरकारनें तें नेमलें होतें, आणि त्याचा अहवाल हातांत घेऊन मंत्र्यास उभें करील अशी विधानसभा मुंबईंत त्या वेळीं चालू नव्हती. नगरच्या किल्ल्याचा आम्हीं आरंभीं उल्लेख केला तो एवढ्यासाठीं.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न विचारणारे मोकळे झाले. १९४८ सालीं नवा कारखाना कायदा आला. तरीहि जबाबदार कोण हा घोळ सहज सुटला नाहीं. कारखान्याचा कायदेशीर धनी म्हणून एखाद्या पगारी व्यवस्थापकाचें नांव लिहून द्यावें, आणि कांहीं घडलें तर त्यानें दंड भरावा, अशी युक्ति कंपन्यांना सांपडली होती. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळ येथें विषारी वायूनें हजारों माणसें मारलीं तेव्हां या युक्तीचा अर्थ देशाला कळला. १९८६ सालीं सुप्रीम कोर्टानें दिल्लींतील वायुगळतीच्या खटल्यांत असें ठरविलें कीं, धोक्याचा धंदा करणारानें “मीं काळजी घेतली होती” ही सबब सांगूं नये. हानि झाली तर ती त्यानें भरून दिलीच पाहिजे. १९८७ सालीं कारखाना कायद्यांत दुरुस्ती होऊन कंपनीच्या बाबतींत तिचा संचालकच कारखान्याचा धनी समजावा असें लिहिलें गेलें, आणि १९९६ सालीं सुप्रीम कोर्टानें तें कायम केलें. या दुरुस्तीचें मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. तिनें संचालकाला दुष्ट ठरविलें नाहीं. ज्याच्या हातांत खर्चाची किल्ली आहे त्याच्याच हातांत जबाबाचीहि किल्ली असावी, इतकेंच तिनें म्हटलें. ‘लागूं दिली’ या क्रियापदाला कायद्यानें प्रथमच कर्ता दिला तो असा.

कायद्याच्या पुस्तकांत आलेली गोष्ट लोकांच्या अंगवळणीं पडतेच असें मात्र नाहीं. ९ जानेवारी २०२१ रोजीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत आग लागून दहा नवजात बालकें गेलीं, आणि त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे हुकूम सुटले. त्याच वर्षीं ६ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशीं, खुद्द नगरच्या जिल्हा रुग्णालयांत करोनाच्या रोग्यांच्या अतिदक्षता विभागास आग लागली व अकरा रोगी प्राणास मुकले. चौकशी नेमली गेली. कांहीं अधिकारी निलंबित झाले. पोलिसांनीं अटक केली ती एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिका यांना. त्यांच्या दोषादोषाविषयीं आम्ही येथें एक अक्षरहि लिहीत नाहीं. तें न्यायालयाचें काम आहे. परंतु परिचारिकांच्या संघटनांनीं त्या वेळीं जो प्रश्न केला तो इतिहासाच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटतो. आगीच्या क्षणीं जी व्यक्ति खोलींत होती, किंवा असावयास हवी होती, तिला प्रथम धरावयाचें; आणि ती खोली बांधली, तिची वीज जोडली, तिची तपासणी केली किंवा केली नाहीं, त्यांच्याकडे सावकाश वळावयाचें, हा क्रम व्हिक्टोरिया गोदीपासून चालत आलेला आहे. गोदी व रुग्णालय या निराळ्या गोष्टी. खालचें मडकें आधीं फोडण्याची रीत एकच.

आम्हांस कोणी असें म्हणेल कीं, अशानें तुम्ही दोष व्यवस्थेवर ढकलतां, आणि व्यवस्थेला कांहीं तुरुंगांत घालतां येत नाहीं. सर्वांचा दोष म्हणजे कोणाचाच नव्हे. ही भीति खरी आहे. ‘व्यवस्था’ या शब्दामागें पुष्कळ लबाड लोक लपतात. परंतु व्यवस्था म्हणजे आकाशांतून पडलेली वस्तु नव्हे. ती हुकुमांची माळ आहे, आणि प्रत्येक हुकुमाखालीं कोणाची तरी सही असते. जेथें सही करावयाची ती केली नाहीं, तेथें ती कोणी करावयास हवी होती हेंहि लिहिलेलें असतें. लिहिलेलें नसेल तर तें न लिहिणाराच पहिला दोषी. चौकशी करणारानें ठिणगीपासून मागें मागें जावें. ठिणगी कोणाची हें शोधावें, कारण तेंहि सत्य आहे. पण तेथें मुक्काम करूं नये. कापूस तेथें कोणाच्या हुकुमानें आला, तो हुकूम देणाराला काय ठाऊक होतें, तो नाकारण्याचा अधिकार कोणाला होता, आणि नाकारणाराचें रक्षण करणारें कोणी होतें काय, हे चार प्रश्न त्यानें विचारावे. कप्तान नेस्मिथ यांना तो माल नको होता. त्यांच्या ‘नको’ला वजन असतें तर ते स्वतः त्या दिवशीं मेले नसते, आणि सहासष्ट बंबवाल्यांच्या घरांतले दिवे विझले नसते.

त्या सहासष्टांनीं आग लावली नव्हती, लागूं दिली नव्हती. ज्यांनीं लागूं दिली त्यांच्या वतीनें ते ती विझवीत होते. वर्षांतून एक दिवस त्यांच्या स्मारकाला पुष्पहार घालणें हें योग्यच आहे. पण त्यांचें ऋण हारानें फिटणारें नाहीं. पुढच्या वेळीं राखेपुढें उभें राहून कोणी “आग लागली” असें म्हणूं लागला, तर त्याला मध्येंच थांबवून वाक्य पुरें करावयास सांगावें: लागली, कीं लागूं दिली? आणि दिली, तर कोणीं?